पाणी उसाच्या रसासारखं झालं की

रविवारी पहाटे पावणेपाचला गजर वाजतो. तो बंद करायच्या आत बायको कूस बदलून विचारते, "आज तरी लागायची वेळ आहे का?" लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ह्या प्रश्नात चौकशी किती आणि टोमणा किती ते मला अजून उमगलेलं नाही. मी "बघूया" म्हणतो आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून गांडुळांचा डबा काढतो. (तो डबा तिथं ठेवण्यावरून आमच्यात झालेला तह हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

गळ घेऊन निघालेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. जाताना, "आज लागतील काय?" आणि येताना, "लागलं का काय?" दुसऱ्याचं उत्तर पिशवीकडे बघूनच मिळतं. पहिल्याच्या उत्तरामागं मात्र मी चाळीस वर्षं आहे, आणि अजून मला "बघूया"च्या पुढं जाता आलेलं नाही.

आमचं गाव भोगावतीच्या काठचं. राधानगरीहून आलेली ही नदी पुढं प्रयाग चिखलीला बाकीच्या नद्यांना भेटते आणि तिथून तिची पंचगंगा होते. गळ टाकायला मला आबांनी शिकवलं. ते नात्यानं कुणीच नव्हते, गल्लीचे आबा. वेळूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगा, पत्र्याच्या डब्यात ओली माती आणि तिच्यात गांडुळं, एवढी त्यांची सामग्री. घड्याळ नव्हतं, आणि पंचांग फक्त नक्षत्रापुरतं. नदीवर आले की आधी सदऱ्याची बाही वर सारायची, कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा आणि आपल्याच बोटांकडं बघत उभं राहायचं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नख दिसंना झालं तर घरला जायाचं. नख चकचकीत दिसलं तरी घरला जायाचं."

"मग बसायचं कधी?"

"नख हाय का न्हाई, आसा संशव आला की."

मासेमारीचं याहून नेमकं शास्त्र मी अजून कुठं ऐकलेलं नाही. नदीचा रंग वर्षभर बदलत असतो. मृगात, म्हणजे सात-आठ जूनच्या पुढं, पहिला लोंढा येतो तेव्हा पाणी दूध जास्त झालेल्या चहासारखं असतं. त्या पाण्यात रोहू-कटल्याला स्वतःची शेपटी दिसत नसेल, तिथं तुमची कणकेची गोळी काय दिसणार? पण त्याच पाण्यात वाम आणि शिंगटा खुशीत असतात. शिंगट्याच्या मिश्या म्हणजे त्याची बोटंही आणि जीभही. वामीचा भरवसा डोळ्यांपेक्षा वासावर. पूर येऊन गेला, पाणी पात्रात परतलं की भाद्रपदात कधीतरी रंग उतरायला लागतो. चहाचा उसाचा रस होतो. आमच्याकडं उसाचा रस म्हणजे रंगाचं मापच, त्यामुळं हे कुणाला समजवावं लागत नाही. नेमक्या त्या आठ-पंधरा दिवसांत बसायचं. दिवाळीच्या पुढं पाणी इतकं नितळतं की मासा आपल्याला आपण त्याला बघतो त्याहून जास्त बघतो. पाण्यातून वर बघताना माशाला सगळं बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून काठावर उभा राहिलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला आभाळात टांगल्यासारखा दिसतो. म्हणून आबा उभे राहत नसत, आणि सूर्य कधी पाठीशी घेत नसत. सावली पाण्यावर पडली तर वाचा फुटल्यासारखे "सावली, सावली!" म्हणून ओरडायचे. मासे त्या ओरडण्यानं पळाले नसतील, पण माझ्या पायांच्या धपधपीनं नक्की पळत असतील. माशाच्या दोन्ही अंगांना एक रेषा असते, पाण्यातली थरथर तिला कळते, आणि काठावर आपटलेला पाय म्हणजे तिच्या लेखी ढोल.

पहाटे जावं, हे सगळेच सांगतात. मीही सांगत होतो. गार पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो हे खरं आहे: वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, तीस अंशांत साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात दुपारी मासा डोहाच्या तळाला जाऊन पडतो आणि पुढ्यात पुरणपोळी ठेवली तरी तोंड उघडत नाही. पण एका मे महिन्यात मी पहाटे बंधाऱ्यावर गेलो, तर सगळं पाणी माशांच्या तोंडांनी भरलेलं. ओठ वर, गप् गप्, गप् गप्. मी हरखलो. दोन तास बसलो. एकानं गळाकडं ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी आबांना सांगितलं तर ते हसले. "आरं, त्ये खाया न्हाई आल्यात, श्वास घ्याया आल्यात." नंतर कारण वाचलं. वाहत्या पाण्यात पहाट चांगली. पण बंधाऱ्यात अडलेल्या, केंदाळानं आणि शेवाळानं भरलेल्या पाण्यात रात्रभर तीच झाडं प्राणवायू पिऊन टाकतात, आणि सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी उरतो. तिथं उन्हाळ्यात गेलात तर दिवस कलताना जा. मरळ त्याला अपवाद, कारण ती थेट वरची हवा घेऊ शकते. हैदराबादला मृगाच्या दिवशी दम्यावर उपाय म्हणून औषध भरलेली जिवंत मरळ गिळायला देतात. दुसऱ्याच्या श्वासासाठी हिचीच निवड का झाली असावी, असा विचार मी काठावर बसून कितीदा तरी केलाय. बसायला दुसरं काम नसतं.

थंडीत उलट. डिसेंबरात पहाटे साडेपाचला नदीवर जाणारा माणूस मासे धरायला नाही, घरातून पळायला जातो. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार. ऊन उथळावर पडून ते जरा कोमट होईतो, म्हणजे दहा-साडेदहापर्यंत, त्याला भूकच लागत नाही.

आणि चिलापीला वेळकाळ नाही. ती १९५२ साली भारतात आली, आणि तेव्हापासून ज्याला कुणाला काही जमत नाही त्याच्या गळाला लागते. शाळेतली पोरं डब्यातल्या चपातीच्या तुकड्यावर धरतात. मी चिलापी मोजत नाही.

आबांचे सगळे नियम होते ते गावच्या माशांचे. मृगात नदी फुगली की मासा धारेला उलटा चढतो, अंडी घालायला. चढणीचा मासा. तेव्हा आबा काठी आढ्याला बांधून ठेवायचे. "पोटुशीला कोन दारात अडवतंय व्हय?" इतर सगळं गाव ओढ्याच्या तोंडाला अडवायचंच, आणि गाभोळी तळायचंच. मीही खाल्लीय, आणि ती फार चांगली लागते, हे इथं लपवण्यात अर्थ नाही. पण रोहू आणि कटला हे आमच्या नदीचे मूळचे नव्हेत, गंगेकडचे पाहुणे. बीज सोडलं गेलं, धरणांत वाढले, धरणातून नदीत आले. ह्यांची खोड अशी की पुराचं वाहतं पाणी लागल्याशिवाय अंडीच घालायची नाहीत. तळ्यात ठेवा, पोट फुगेल, पण अंडी नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या इवल्याशा ग्रंथीचा अर्क काढून ह्या जातीच्या माशांना टोचला, आणि माशांनी साचल्या पाण्यात अंडी घातली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो. म्हणजे पूर नाही, धार नाही, नुसतं एक इंजेक्शन, आणि मासा म्हणतो, आली वेळ! आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तरंग्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मंग त्येला नक्षत्र कोन इचारतंय."

वेळ अजिबात न बघता मासे काढायचे दोन मार्ग आहेत, तेही सांगून टाकतो. एक डोहात सुरुंगाचा बार उडवणं. कायद्यानं ते बंद आहे, म्हणजे कागदावर. दुसरा त्याहून सोपा: वरून कुणीतरी साखर कारखान्याची मळी सोडायची वाट बघणं. पाण्याला तो वास आला की मासे आपोआप काठाला येतात, हातानं उचलावेत इतके. लोक पोती घेऊन धावतात. त्या दिवशी मी नदीवर जात नाही.

मध्यंतरी भाच्यानं माझ्या मोबाईलवर एक अ‍ॅप घालून दिलं. चंद्र कुठं आहे, उगवतो कधी, मावळतो कधी, त्यावरून ते दिवसाला एक ते पाच मासे देतं. पाच मासे म्हणजे उत्तम दिवस. चंद्रावरून भरणारा हा हिशोब अमेरिकेत १९२६ पासून मांडला जातोय म्हणे. एका रविवारी पाचही मासे चमकत होते. मी आनंदानं गेलो, तर आमच्या जागेवर पाणीच नव्हतं. चिखल, त्यात दोन बगळे, आणि मधोमध एक बारीक धार. खालच्या बंधाऱ्याचे बरगे काढले होते.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: नदीत दगडी खांब, खांबांना खाचा, आणि खाचांत आडव्या फळ्या. त्या फळ्या म्हणजे बरगे. पावसाळा सरला की घालतात, पाणी अडतं, ऊस जगतो. पावसाच्या तोंडाला काढतात. काढायचा दिवस चंद्राला माहीत नसतो. उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडतात तो दिवसही नाही. आणि पाणी कमी पडलं की उपसाबंदी लागते. तेव्हा काठावरच्या सगळ्या मोटारी दोन-चार दिवस गप्प होतात. शेतकऱ्यांचे ते हाल असतात, पण खरं सांगतो, नदी तेव्हा एकदम जुनी होते. ती शांतता ऐकून मासेही चक्रावत असावेत, कारण उपसाबंदीत मला नेहमीपेक्षा जास्त लागलेत. हे मी गावात मोठ्यानं बोलत नाही.

पावसाळ्यात तर सगळा कारभार राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांचा. सात दरवाजे. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं माणसं एकमेकांना नमस्कार घालत नाहीत, "किती उघडले?" असं विचारतात. शेवटची काही वर्षं आबाही तेच विचारायचे. आश्लेषा की मघा, हे विचारायचं त्यांनी सोडलं होतं. सकाळी कट्ट्यावर पेपर वाचणाऱ्याला म्हणायचे, "बाकीचं ऱ्हाऊ दे, दरवाजं सांग." दोन दरवाजे असतील तर तिसऱ्या दिवशी पाणी उतरेल, चार असतील तर आठवडा गेला, असा त्यांचा नवा ठोकताळा बसत होता. पुरता बसायच्या आत ते गेले.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला. त्याच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींमध्ये गळ टाकणंही आहे, मत्स्यविनोद नावानं. कोणत्या माशाला काय चारावं हेसुद्धा दिलंय. हे मी मोठ्या अभिमानानं बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, तो राजा होता. त्याला रोजच रविवार."

दुखणं नेमकं तेच आहे. पाण्याचा रंग बरोबर, वारा पडलेला, दरवाजे बंद, बरगे जागेवर, आणि वार रविवार, असं चाळीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकं जमलंय. त्यातून श्रावण वगळा, संकष्टी वगळा, कुणाच्या बारशा-लग्नाचे रविवार वगळा. उरलेल्या रविवारी घरातली माणसं तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला सोकावलेली, काटे काढत बसायला कुणाला वेळ आहे?

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. नदी पंधरवडाभर फुगलेली होती. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं बघितल्यापासून तर जरा फुगलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. ह्या खेपेला तसं काही झालं नाही. माझं कार्यालय नदीपलीकडं, पन्हाळ्याच्या वाटेवर. मंगळवारी सकाळी दहाला शिवाजी पुलावरून जाताना सहज खाली बघितलं आणि गाडी कडेला घेतली. पाणी पात्रात गेलं होतं. काठचा ऊस गाळानं माखून आडवा झाला होता, पण मधली धार संथ होती. आणि रंग! रसवंतीवाल्यानं आलं-लिंबू घालून नुकताच गाळलेला असावा तसा. वारा नव्हता. मागून हॉर्न वाजत होते. मी फोन काढला.

"साहेब, आज जरा जमणार नाही यायला."

"का हो, काय झालं?"

"पाणी, साहेब."

"अरेरे! घरात शिरलं काय?"

"नाही साहेब," मी म्हणालो, "उतरलं."