चार इंच

रविवार, २१ डिसेंबर

पहाटे मोटर बंद करून घरी आले तेव्हा बोटं इतकी आखडली होती की दाराची कडी लावता येईना. या आठवड्यात आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची आहे. गव्हाला एकविसाव्या दिवसाचं पाणी चुकवून चालत नाही, तेव्हाच मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाची मुख्य मुळं, फुटतात. म्हणून मी आणि हे बॅटरी घेऊन रात्रभर बारे देत होतो. उसाच्या कडेने जाताना आम्ही दोघं मोठमोठ्याने बोलतो. विषय काहीही चालतो, काल उधारीचा होता. बिबट्याला आपला आवाज आधीच गेलेला बरा. अमावस्या नुकतीच झालेली, त्यामुळे चांदण्याचीही सोबत नव्हती.

पलीकडच्या द्राक्षबागेत शेकोट्या पेटलेल्या दिसत होत्या. थंडी वाढली की मण्यांची फुगवण थांबते, म्हणून पहाटे धूर आणि ठिबकचं पाणी चालू. आमच्या दीड एकरात द्राक्षं नाहीत, तेवढी एक काळजी कमी.

आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस, जेमतेम ११ तासांचा. जूनमध्ये हाच सव्वातेरा तासांचा असतो. मला या दिवसाची वाट असते ती रात्रीच्या लाईटमुळे. अंधार याहून वाढणार नाही एवढं तरी आज कळतं.

नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे मान्य नाही. सकाळी ओट्यावर घोंगडी गुंडाळून उन्हाची वाट पाहत बसले होते. मी चहा देताना म्हटलं, "नाना, उद्यापासून दिवस वाढणार."

"कोण म्हणतं? संक्रांतीपासून वाढतो. तीळ तीळ."

मी त्यांना समजावायला गेले की सूर्य आजच मागे वळतो. संक्रांत आणि ही तारीख सुमारे १७०० वर्षांपूर्वी बरोबर यायची, पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, म्हणून आता २३-२४ दिवसांचं अंतर पडलंय. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "भोवऱ्याचं तू बघ. मला ऊन केव्हा येतं ते सांग."

मग मोबाइलमध्ये नाशिकच्या वेळा काढल्या आणि मीच गप्प झाले. आज सूर्य ७ वाजून ४ मिनिटांच्या सुमारास उगवला. जानेवारीच्या मध्याला ७ वाजून १२ मिनिटं होतात. म्हणजे नानांच्या ओट्यावर ऊन अजून तीन आठवडे उशिराच येत जाणार, आणि लवकर यायला लागणार ते संक्रांत झाल्यावरच. संध्याकाळ मात्र केव्हाच वळलीय. नोव्हेंबरच्या शेवटी सहाला पाच-सहा मिनिटं असतानाच मावळायचा, आज सहा वाजवले त्याने. गाईची धार मी संध्याकाळी काढते, तिथे मला हा फरक आधीच जाणवला होता. पंधरा दिवसांपूर्वी गोठ्यातला बल्ब लावावा लागायचा, आता चरवी भरेपर्यंत उजेड पुरतो. पृथ्वीचा आस कललेला, त्यात ती या दिवसांत सूर्याच्या जवळ असते, जरा जोरात पळते, त्यामुळे खरी दुपारच, म्हणजे सूर्य सगळ्यात वर येण्याची वेळ, रोज अर्ध्या मिनिटाने पुढे सरकत जाते आणि सकाळ-संध्याकाळ तिच्याबरोबर. थोडक्यात, धार काढणारीचा दिवस आधी वाढतो, ओट्यावर बसणाऱ्याचा मागून. नाना त्यांच्या जागी बरोबर होते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

कांद्यालाही दिवसाची लांबी कळते. उन्हाळ कांद्याची लागवड निम्मी झालीय, उरलेलं रोप या आठवड्यात लावायचंच. दिवस मोठा व्हायला लागला की तो पोसायला घेतो, मग पात पुरेशी वाढली असो वा नसो. लागवड लांबली की नुसती गोलटी, म्हणजे बारका कांदा, निघते. कोंबड्यांचंही तेच. सात गावरान कोंबड्या आहेत, दिवाळीपासून अंडी कमी होत होत काल अख्ख्या खुराड्यात एक निघालं. तेही तुरकाट्यांच्या ढिगात, नेहमीच्या टोपलीत नाहीच.

दुपारी मांडवाचा एक जुना लोखंडी अँगल अंगणात पुरला, जमिनीवर बरोबर पाच फूट. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर चालतं आणि आम्ही त्याच्या बरेच पश्चिमेला, तेव्हा इथली खरी दुपार १२ वाजून ३३ मिनिटांना. सावली भरली ५७ इंच. मेच्या २०-२१ तारखेला हाच अँगल स्वतःच्या बुडाशीच सावली जिरवून टाकेल. सावलीच्या टोकाला चुन्याची रेघ ओढली. नाना काठी टेकत आले, रेघेकडे बघून म्हणाले, "हे काय, समाधी?"

"संक्रांतीला इथे चार इंच सावली कमी भरेल, नाना. पैज लावता?"

"किती?"

"चार इंच."

"पैज किती, विचारतो."

शेवटी पाव किलो तिळावर ठरली.

संध्याकाळी सूर्य रामशेज किल्ल्याच्या खांद्याआड गेला. आठवडाभर तरी तिथेच जाईल, हलल्यासारखा दिसणारही नाही. धार झाली तेव्हा अंगणात अजून दिसत होतं. जाऊन पाहिलं तर कोंबड्यांनी रेघेचा एक भाग उकरून ठेवला होता. उद्या तिथे खुंटी ठोकते.