४८ अंकांची किल्ली

लॅपटॉप टेबलावर ठेवतानाच तो विद्यार्थी म्हणाला, "दादा, फॉरमॅट मारायचा नाही एवढंच बघा." एमएस्सीच्या प्रोजेक्टची सगळी रीडिंग्ज विंडोजच्या सी ड्राइव्हवर होती आणि बॅकअप, अर्थातच, नव्हता. आदल्या रात्री त्याने विंडोजशेजारी उबंटू हे लिनक्स टाकलं होतं. उबंटू झकास चालत होतं. विंडोज निवडलं की मात्र निळा स्क्रीन यायचा आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसायचा.

"मी बिटलॉकर कधी चालूच केला नाही," असं तो शपथेवर सांगत होता, आणि ते खरंच असणार. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि की त्या अकाउंटवर जाऊन बसते. याने ते अकाउंट ज्या मेल आयडीवर उघडलं होतं, तो कधीचाच बंद पडलेला. म्हणजे तीही वाट खुंटली.

काय काय केलंस, असं विचारलं की सगळे "काहीच नाही" म्हणतात. म्हणून मी थेट विचारलं, "बायोसमध्ये शिरला होतास?" तेव्हा कळलं, कुठलातरी व्हिडिओ बघून मशीनच्या त्या मूळ सेटिंग्जमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त सही केलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी तपासणी, बंद केलं होतं. हा सल्ला अजून फिरतोय, याचा मला मनापासून वैताग येतो. उबंटू, फेडोरा या लिनक्सचे बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्रॅम, कित्येक वर्षं सही केलेलेच येतात. डेबियननेही २०१९ मध्ये, दहाव्या आवृत्तीपासून ती सोय केली. मग बंद करायचं कशाला?

सी ड्राइव्ह उघडणारी किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपने सील करून ठेवलेली असते. मशीन सुरू होताना सिक्युअर बूट चालू आहे की बंद, कुणाच्या सहीचा प्रोग्रॅम चालला, याची नोंद चिपच्या सात नंबरच्या रजिस्टरमध्ये होते. नोंद आधीसारखीच निघाली तर किल्ली मिळते, नाहीतर ४८ अंक द्या. म्हणजे डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. सेटिंग पूर्ववत केलं की चिपने ऐकायला हवं.

सिक्युअर बूट चालू केलं, ग्रबच्या, म्हणजे उबंटूच्या बूटलोडरच्या, मेनूतून विंडोज निवडलं. पुन्हा तोच निळा स्क्रीन. पोराचा चेहरा उतरला, "गेलं ना सगळं?" मी स्क्रीनकडे बघत राहिलो आणि मग लक्षात आलं, की आपण विंडोजपर्यंत ग्रबमधून आलोय. वाटेत लिनक्सच्या बूटलोडरची सही तपासली गेली, ती वेगळ्या सर्टिफिकेटची, आणि तीही सात नंबरच्याच नोंदीत जमा झाली. चिपच्या लेखी हा रस्ता अनोळखी.

मशीन बंद केलं, चालू करताना एफ१२ दाबून बूट मेनू काढला आणि थेट 'विंडोज बूट मॅनेजर' निवडला. गोल ठिपके फिरले आणि नेहमीचा लॉगिन स्क्रीन आला. पोरगं खुर्चीतून उठलंच.

आधी एक्स्टर्नल डिस्क लावून सगळा डेटा बाहेर काढला. मग अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये 'मॅनेज-बीडीई'ची कमांड देऊन रिकव्हरी की स्क्रीनवर आणली आणि त्याला स्वतःच्या हाताने वहीत उतरवायला लावली, सहा-सहा अंकांचे आठ गट. फोटो काढतो म्हणत होता. मी नाही म्हटलं, कारण तो फोटो याच लॅपटॉपवर येऊन पडला असता. फास्ट स्टार्टअपही बंद केलं. ते चालू असताना शटडाउन हा अर्धवट हायबरनेट असतो आणि लिनक्सला विंडोजचं पार्टिशन नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. शेवटी ग्रबच्या मेनूतून विंडोजची ओळच काढून टाकली. विंडोज हवं असेल तेव्हा एफ१२.

संध्याकाळी फोन आलाच. "दादा, उबंटूतून विंडोजमध्ये आलो की घड्याळ चुकतंय." याला चिप बिप काही नाही. बोर्डवरचं घड्याळ लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतं आणि विंडोज स्थानिक वेळ. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात, 'रियलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची किंमत एक करायला सांगितली आणि फोन ठेवला.