तीन रिळे आणि एक अंगठा

मासेमारीची काठी तीच, आमिष तेच १४ ग्रॅमचे आणि तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, तोही एकाच जातीचा, ०.३० मिलिमीटर जाडीचा, अशी बांधाबांध करून मी गेल्या हंगामात माझी तीन बेटकास्टिंग रिळे आलटून पालटून वापरली. त्यांपैकी एक जुन्या घडणीचे गोल रीळ आहे, ज्याचा ब्रेक केंद्रोत्सारी बलावर चालतो; दुसरे बसके, लो-प्रोफाईल रीळ असून त्यात चुंबकीय ब्रेक आहे; तिसऱ्यात ब्रेकचे काम एक इलेक्ट्रॉनिक चिप सांभाळते. कोणते सर्वांत लांब फेकते हे पाहण्यासाठी मी हा खटाटोप केला नव्हता. तीनही रिळे चांगली असताना पहाटे निघताना हात दर वेळी त्या बसक्या रिळाकडेच का जातो, याचा मला उलगडा हवा होता.

ज्यांनी केवळ स्पिनिंग रीळ वापरले आहे त्यांच्यासाठी मूळ फरक आधी सांगितला पाहिजे. स्पिनिंग रिळात फेकीच्या वेळी स्पूल, म्हणजे तंगूस गुंडाळलेली चकरी, जागचा हलत नाही आणि तंगूस त्याच्या काठावरून वेटोळ्यांनी सुटत जातो. बेटकास्टिंग रिळात मात्र स्पूल स्वतः फिरतो. आमिष पुढे जाताना तंगूस ओढते आणि तो ओढलेला तंगूस स्पूलला गरगर फिरवतो. आमिष सेकंदाला २५ मीटर वेगाने निघाले, तर ३४ मिलिमीटर व्यासाच्या भरलेल्या स्पूलला सेकंदाला सुमारे २३० फेरे घ्यावे लागतात, आणि हा वेग त्याला काठीच्या एका झटक्यात गाठायचा असतो. पुढे हवेच्या विरोधाने आमिष मंदावते, पण स्पूलला ते कोणी सांगितलेले नसते. तो आपल्या गतीने फिरतच राहतो, बाहेर जाण्याहून अधिक तंगूस सोडतो, आणि क्षणार्धात विंचरलेल्या केसांच्या गुंतवळासारखा गोळा हातात येतो. बेटकास्टिंग रिळातील ब्रेकची सारी विद्या हा मधला काळ सांभाळण्यासाठी जन्माला आली आहे, आणि त्या विद्येत जे उणे राहते ते अंगठ्याने भरून काढायचे असते.

या रिळांचा घड्याळांशी असलेला संबंध मला नेहमी मौजेचा वाटतो. अमेरिकेतील केंटकी राज्यात, पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर हा घड्याळजी आणि चांदीकाम करणारा कारागीर राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्याने दातेरी चाके बसवलेली रिळे घडवली, ज्यांच्या मुठीच्या एका फेऱ्यात स्पूल अनेक फेरे घेत असे. पुढे स्वीडनमधील आबू या कंपनीची सुरुवातही १९२१ मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणूनच झाली, आणि गोल रिळांचा नमुना म्हणून आजही ज्याचे नाव घेतले जाते ते अँबॅसेडर त्याच कंपनीचे. गोल रिळाची मूठ सावकाश फिरवताना दात्यात दाता बसल्याची जी सूक्ष्म जाणीव बोटांना होते, तिच्यात तो वारसा मला दिसतो. हा कदाचित माझा भाबडेपणा असेल.

आता ब्रेककडे वळतो, कारण माझ्या मते रिळाचा स्वभाव तेथेच ठरतो. केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये स्पूलसोबत फिरणारे लहान ठोकळे बाहेरच्या दिशेने सरकतात आणि एका कड्यावर घासतात. त्यांचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे स्पूलचा वेग निम्मा झाला की ब्रेक चौथाईवर येतो. चुंबकीय ब्रेकमध्ये काहीच घासत नाही. ॲल्युमिनियम हा लोहचुंबकाला न चिकटणारा धातू आहे, परंतु तो चुंबकाजवळ फिरू लागला की त्यात विजेचे भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते त्याच्या फिरण्याला विरोध करतात. हा विरोध साधारणपणे वेगाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे वेग निम्मा झाला तर ब्रेकही निम्माच उरतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण पाण्याकाठी त्यानेच दोन वेगळ्या स्वभावांची रिळे घडतात. गोल रीळ सुरुवातीला जोरात धरते आणि नंतर जवळजवळ मोकळे सोडून देते, म्हणून शांत हवेत, भरीव आमिष लावले असता त्याची फेक शेवटपर्यंत सुंदर वाहत जाते. मात्र समोरून वारा आला आणि आमिष अर्ध्या वाटेवर अडखळले, की त्या वेळी ब्रेक जवळपास संपलेला असतो आणि स्पूल अजून चांगलाच फिरत असतो. चुंबकीय रीळ तेथेही थोडेबहुत धरून ठेवते. त्याची किंमत म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटचे दोन-तीन मीटर ते खाऊन टाकते, आणि ती किंमत मला मान्य आहे.

तिसऱ्या रिळाची गोष्ट निराळी आहे. त्यात बॅटरी नाही. फिरणारा स्पूल स्वतःच वीज निर्माण करतो आणि त्या विजेवर चालणारी चिप स्पूलचा वेग पाहून कधी किती ब्रेक लावायचा ते ठरवते. फेकताना त्यातून एक बारीक, चिरका आवाज येतो, जो पहिल्या दिवशी गमतीचा वाटतो आणि दहाव्या दिवशी तितकासा वाटत नाही. संपूर्ण हंगामात या रिळाने मला मोठा गुंता करून दिल्याचे आठवत नाही. रात्रीच्या अंधारात किंवा बोटे गारठलेली असताना मी तेच वापरतो आणि नवशिक्या मित्राच्या हातीही निःशंकपणे तेच देतो.

तरीही ते माझे आवडते नाही. स्पूल आमिषाच्या पुढे धावू लागला, म्हणजे वरचे वेढे सैल होऊन उचलले जातात. या अवस्थेला मी तंगूस फुलणे म्हणतो. अंगठा स्पूलच्या किंचित वर तरंगत ठेवला असेल, तर हे फुललेले वेढे त्वचेला गुदगुल्या करून जातात आणि तोच इशारा असतो. गोल रिळात हा इशारा आणि गुंता यांच्यामध्ये फारच थोडा अवकाश मिळतो, त्यामुळे अंगठा टेकेपर्यंत उशीर झालेला असतो. इलेक्ट्रॉनिक रिळात इशारा बहुधा येतच नाही, आणि जेव्हा ब्रेकची पातळी चुकीची ठेवल्यामुळे चूक घडते तेव्हा अंगठा सवय मोडून स्वस्थ बसलेला असतो. बसक्या चुंबकीय रिळात तंगूस हळूहळू फुलतो. अंगठ्याला कळते, तो अलगद टेकतो, आणि फेक मोडत नाही. ज्या रिळाची चूक मला वेळेवर कळते ते मला जवळचे वाटते, आणि हात त्याच्याकडे का जातो याचे एवढेच उत्तर मला सापडले आहे. शिवाय त्याच्या ब्रेकची चकती बाहेरच्या बाजूला असल्यामुळे वाऱ्याची दिशा बदलली की ओल्या बोटांनीही ती एक घर पुढे सरकवता येते, तर माझ्या गोल रिळात तेच काम करण्यासाठी बाजूची तबकडी उघडावी लागते. आसावर दाब देणारी घुंडी मात्र मी तिन्हींत सारखीच ठेवतो: आमिष आपल्या वजनाने सावकाश खाली यावे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा, इतकीच.

या तुलनेत एक चूक माझ्याकडूनही झाली, ती लपवत नाही. पहिले तीन आठवडे गोल रिळावर जवळजवळ १०० मीटर तंगूस होता आणि बसक्या रिळावर ६० मीटर. एवढ्या जाडीचा १०० मीटर नायलॉनचा तंगूस सुमारे ८ ग्रॅम भरतो, म्हणजे १४ ग्रॅमच्या आमिषाला आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ओझे जागचे हलवून फिरवावे लागत होते, आणि तेही स्पूलच्या काठाजवळचे, जेथे ते फिरवायला सर्वांत जड जाते. दोष मी बिचाऱ्या रिळाला देत होतो. तंगूस ६० मीटरवर आणल्यानंतर स्पूल थोडा रिकामा दिसू लागला, पण त्याची सुरुवात इतकी हलकी झाली की काही दिवस माझा कल पुन्हा गोल रिळाकडे झुकला होता. वाऱ्याच्या दिवसांनी तो परत फिरवला.

गियरच्या गुणोत्तराविषयी, म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात स्पूल किती फेरे घेतो याविषयी, जितके बोलले जाते तितके त्यात नाही, असे माझे मत आहे. ३४ मिलिमीटरचा भरलेला स्पूल ६.३ गुणोत्तरावर मुठीच्या एका फेऱ्यात सुमारे ६७ सेंटिमीटर तंगूस गोळा करतो, ७.४ वर ७९ आणि ८.१ वर ८६. परंतु लांब फेकीनंतर स्पूलचा प्रभावी व्यास २८ मिलिमीटरवर आला असेल, तर ७.४ चे तेच रीळ ६५ सेंटिमीटरवर उतरते. म्हणून गुणोत्तराइतकेच स्पूल किती भरला आहे याकडेही पाहावे. पाण्याला जोराचा विरोध करणारी आमिषे सावकाश ओढायची असतील तर कमी गुणोत्तर मनगटाला सोसते, आणि तळावर टप्पे घेत आणायच्या आमिषाला, जेथे सैल तंगूस पटकन आवरायचा असतो, तेथे अधिक गुणोत्तर सोयीचे ठरते. बेअरिंगांच्या संख्येवर मी काहीच लिहिणार नाही. ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढू लागला की ठरावीक ताणावर तंगूस सुटू देणाऱ्या ब्रेकच्या, कमाल आकड्यालाही मी फारसे महत्त्व देत नाही, कारण ०.३० च्या तंगुसावर मी ड्रॅग त्याच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश इतकाच ठेवतो. तो सुटताना अडखळू नये, एवढीच माझी अट आहे.

मुठीच्या बाजूचा प्रश्न मात्र या निकालात थोडा मिसळला आहे. माझे गोल रीळ उजव्या मुठीचे आहे, त्यामुळे उजव्या हाताने फेकल्यानंतर काठी डाव्या हातात घ्यावी लागते, आणि आमिष पाण्याला टेकताच मासा लागला तर तो अर्धा क्षण नडतो. बसके रीळ डाव्या मुठीचे आहे. फेकलेल्या हातातच ते राहते, तळव्यात नीट मावते आणि तर्जनी पुढे तंगुसावर ठेवता येते. डाव्या मुठीचे गोल रीळ हाती आले, तर ही तुलना मला पुन्हा करावी लागेल. तोपर्यंत गोल रीळ ३० ग्रॅमच्या पुढच्या आमिषांसाठी वेगळ्या, जाड काठीवर चढवले आहे, आणि तेथे ते कोणाचेच ऐकत नाही इतके उत्तम चालते.