आमची वाटचाल: कोठीपोटातल्या जिवांच्या भरवशावर

२००९ साली फलटणमध्ये आम्ही दोघा भागीदारांनी जिवंत यीस्ट, खाण्याचा सोडा आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांचे, गायींच्या खुराकात घालायचे आणि पोटातले आम्ल आटोक्यात ठेवणारे मिश्रण तयार करायला सुरुवात केली, तेव्हा आमच्याकडे एक जुना रिबन मिक्सर, पिशव्या शिवायचे यंत्र आणि पुण्याहून आणलेला वापरलेला सूक्ष्मदर्शक होता. त्या सूक्ष्मदर्शकावर मात्र आमच्या भागीदारांचा फार जीव होता. गोठ्यात गेल्यावर ते आधी गायीच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून कोठीपोटाची (म्हणजे चारा जिथे आंबतो त्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याची) हालचाल मोजत, मग नळीने तिथला रस काढत. पहिल्यांदा ओढलेला रस लाळमिश्रित असल्याने सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) जास्त दाखवतो, म्हणून तो टाकून देत, आणि नंतरचा थेंब कोमट काचेवर ठेवून पाहत. निरोगी गायीच्या थेंबात प्रोटोझोआंची, म्हणजे चारा पचवायला मदत करणाऱ्या एकपेशीय जिवांची, नुसती झुंबड उडालेली दिसते.

पहिली वर्षे बरी गेली. २०१२-१३ च्या दुष्काळात कडबा परवडेना, तेव्हा एका व्यापाऱ्याने मका भरडा आणि तांदळाच्या पॉलिशचे स्वस्त आंबोण गावोगाव उतरवले. दूध आठवडाभर वाढले, मग ३.५ चे फॅट तीनच्या खाली आले, शेण पातळ झाले, गायी रवंथ सोडून लंगडू लागल्या. पिष्टमय खुराक एकदम वाढला की लॅक्टिक आम्ल साठते आणि तंतू पचवणारे जिवाणू मागे पडतात, हे उघड होते. पण त्या व्यापाऱ्याच्या माणसांनी दूध संकलन केंद्रांवर सांगितले की, आमचे यीस्ट गायीच्या पोटात दारू तयार करते. वास्तविक यीस्ट वैरणीबरोबर पोटात गेलेला प्राणवायू शोषून घेते आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंना बळ देते. आमचे कोणी ऐकले नाही. चार महिन्यांत अकरा केंद्रांनी माल बंद केला, पगार थकले, आणि गोदामातले यीस्ट पत्र्याखाली तापून मेले.

त्या काळात माळशिरसकडच्या, नऊ गायी असलेल्या एक मावशी आमच्यामागे उभ्या राहिल्या. त्यांनी आम्हाला बोलावून स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या गायीचा रस सर्वांसमोर तपासायला लावला. शेजाऱ्याच्या गायीच्या रसात सामूची पट्टी ५.५ वर थांबली आणि काचेवर एकही जीव हलत नव्हता. मावशींच्या गायीचा थेंब लोकांनी रांग लावून पाहिला. तीन केंद्रे त्याच महिन्यात परत आली. मावशींनी त्या वर्षात एकही पिशवी उधार नेली नाही, हे आम्ही विसरलेलो नाही.

येथे पशुपालकांना सांगावेसे वाटते की, खुराक बदलायचा तर दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू बदलावा आणि चाऱ्याची कुट्टी भुग्यासारखी बारीक करू नये. गाय चारा चावून रवंथ करते तेव्हा दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ सुटते, आणि तिच्यातला आम्ल मारणारा सोडा आमच्या पिशवीतल्या सोड्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आमचे मिश्रण कडब्याची जागा घेत नाही, हे आम्ही पहिल्या दिवसापासून सांगत आलो आहोत.

त्या व्यापाऱ्याच्या गोळी पेंडीच्या पिशवीवर आता ‘यीस्टयुक्त’ असे ठळक छापलेले असते. गोळी पाडताना वाफेच्या उष्णतेत साधे जिवंत यीस्ट टिकत नाही, म्हणून त्यातल्या जिवंत पेशींची संख्या आम्ही लेखी विचारली. उत्तर आलेले नाही. भागीदार २०१८ साली गेले. त्यांचा सूक्ष्मदर्शक आजही रोज वापरात आहे.