पद्मिनीच्या पाच रिमा आणि घाटावरचं वर्कशॉप: माझा अनुभव

कोकणात जुनी गाडी घरी करायला घेताय ना, मग मे महिन्यात रिमा कुणाच्याही ताब्यात देऊ नका. बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालतं. मी हे रागानेच लिहितोय, कारण आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं आतलं काम, म्हणजे सीट, छत, दारांचे बोर्ड, सगळं होऊन गेलं आणि गाडी मात्र दिवाळी उलटेपर्यंत मांगरात, म्हणजे घराबाजूच्या शेडमध्ये, ठोकळ्यांवर उभी. कारण काय, तर पाचही रिमा घाटावर.

गाडी ऐंशीच्या दशकातली, वडिलांनी घेतलेली, कुडाळजवळ आमच्या घरीच असते. सरकारी हिशेबात ती अजून विंटेज नाही, 2021च्या नियमाप्रमाणे त्याला 50 वर्षं लागतात. आमचं आपलं नेहमीचं पाच वर्षांचं रिन्युअल, ते आरटीओत आधीच नीट झालं होतं. बाहेरचा मूळ निळा रंग तसाच ठेवला कारण रंग बदलला की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, म्हणून हौस करायची ती आत आणि चाकांवर करायची असं ठरवलं. सीट क्रीम आणि तपकिरी, रिमा क्रीम, वर क्रोमचे व्हीलकॅप. अलॉय टाका म्हणून सांगणारे खूप भेटले, पण बोल्टांच्या भोकांचं अंतर जुळल्याशिवाय अलॉय बसत नाही आणि पद्मिनीला लोखंडी रिमच शोभते, हे माझं ठाम मत.

तर रिमा. समुद्र तसा लांब, तरी खारी हवा पोचतेच. टायर उतरवले तर रिमांच्या आतल्या कडेला गंजाचे पापुद्रे सुटलेले. इथे ब्रशने रंग मारून दोन पावसाळे टिकला असता फार तर. म्हणून सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज उडवून, पावडर कोटिंग करायचं, म्हणजे रंगाची कोरडी पावडर उडवून भट्टीत भाजायची, आणि त्यासाठी फोंडा घाट चढून कोल्हापूरकडच्या एका वर्कशॉपला रिमा नेऊन दिल्या. नाव लिहीत नाही. मालक म्हणाला, आठ दिवसांत होतंय की, काय काळजी करू नका. अ‍ॅडव्हान्स घेतला, जवळजवळ पूर्णच.

आठ दिवसांनी फोन केला तर ब्लास्टिंगवाला दुसरीकडे आहे, त्याचा नंबर लागायचाय. मग पाऊस लागला. मग ब्लास्टिंग झालं पण क्रीम रंगाचा लॉट नाही. हे कारण खरं असतं बरं का, दर शेडला गन आणि बूथ धुवून साफ करावा लागतो, पाच रिमांसाठी कोण करणार, त्यामुळे काळा किंवा सिल्व्हर असेल तर लगेच होतं आणि वेगळी शेड असली की दुसऱ्या कुणाची ऑर्डर येईपर्यंत थांबा. पण हे पहिल्या दिवशी सांगायला काय जात होतं? मी काळ्याला हो म्हटलं असतं किंवा सरळ दुसरीकडे गेलो असतो. फोन उचलला की "उद्या बघतो सायेब", नाही उचलला की नाहीच. गणपतीत मुंबईहून भाऊ आला, गाडीतून सगळ्यांनी वेंगुर्ल्याला जायचं ठरलेलं, ते राहिलं. वडील रोज मांगरात जाऊन बघून यायचे, बोलायचे काही नाहीत, पण मला कळत होतं.

शेवटी गणपती झाल्यावर स्वतः गेलो. रिमा तयार होत्या, लांबून छान क्रीम दिसत होत्या. उचलून उजेडात नेल्या तर कडेने टाचणीच्या डोक्याएवढे फोड. म्हणजे ब्लास्ट केलेलं उघडं लोखंड भर पावसात तसंच ठेवलेलं. दमट हवेत त्यावर काही तासांत नारिंगी गंज चढतो, त्यासाठी ब्लास्ट झाल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारायचा असतो. यांनी गंजावरच पावडर उडवून भट्टीत घातली. त्याहून वाईट म्हणजे बोल्ट बसतात ती खोलगट जागा आणि ब्रेकच्या ड्रमला टेकतो तो पाठचा भाग, तिथेही जाड थर. हे फक्त दिसायला वाईट असतं असं नाही. बोल्ट आवळला की तो थर हळूहळू दबतो, बोल्ट सैल पडतो, आणि घाटात चाक सैल पडलं तर काय होईल ते मी सांगायला नको. मालक म्हणतो, सगळ्या गाड्यांना आम्ही असंच करतो, कुणाची तक्रार नाही. मी म्हटलं मी पहिला, परत काढा. तर काढायला केमिकलचे वेगळे पैसे लागतील! तिथे माझा आवाज चढला आणि तो चढायलाच हवा होता.

दसऱ्यानंतर, पाऊस उघडल्यावर, पुन्हा ठरलं. या वेळी मी सकाळीच जाऊन तिथे खुर्ची टाकून बसलो. समोर ब्लास्टिंग, लगेच झिंक प्रायमर, बोल्टच्या भोकांना सिलिकॉनची बुचं, पाठच्या भागाला उष्णता सोसणारी टेप, मग पावडर आणि सुमारे 200 डिग्रीची भट्टी. संध्याकाळी रिमा माझ्या दुसऱ्या गाडीच्या डिकीत. एका दिवसाचं काम! मला अजूनही हेच पचत नाही. आता कुणी विचारलं तर मी सांगतो की पैसे काम बघून द्या, मास्किंग, म्हणजे पावडर बसू नये म्हणून झाकणं, कुठे करायचं ते रिमवर मार्करने खुणा करून आणि कागदावर लिहून द्या, आणि ब्लास्टच्या दिवशी तिथे हजर राहा. रिममध्ये खड्डे असतील तर साधी लांबी (पुट्टी) भरू नका, भट्टीत ती टिकत नाही.

अजून एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. जमलं तर रिमांचा दुसरा सेट घ्या आणि तोच कामाला पाठवा, म्हणजे गाडी अडकत नाही. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023मध्ये बंद झाली, त्यामुळे पार्ट मिळणं आता दिवसेंदिवस कठीण होत जाणार. मुंबईत गाड्यांच्या पार्टांच्या बाजारात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, ऑपेरा हाऊसला ओळखीचं कुणी असेल तर आत्ताच सांगून ठेवा. माझे व्हीलकॅप चोरबाजारातून भावाने शोधले, रात्रीच्या लक्झरीने पार्सल आले.

आतलं काम मात्र मनासारखं झालं. जुन्या सीटमध्ये स्प्रिंगवर काथ्या होता, त्याचा भुगा झालेला. स्प्रिंग घासून रंगवल्या, वर गोणपाट, मग नवीन काथ्याची गादी आणि त्यावर पातळ फोम. नुसता फोम भरला असता तर पावसात ओल धरून बसला असता. पुढची सलग सीट तशीच ठेवली, स्टिअरिंगला गिअर असलेल्या गाडीत तीच मजा आहे. कुशनवाल्याने जुलैमध्ये हात लावायला नकार दिला, "पावसात गम धरूचो नाय", आणि त्याचं बरोबरच होतं, दमट हवेत रेक्झीन चिकटवायच्या एसआर गमवर पांढरी साय येते आणि रेक्झीन सुटतं. म्हणून पावसात नुसतं कटिंग आणि शिलाई केली, चिकटवाचिकटवी ऑक्टोबरच्या उन्हात.

दारांच्या बोर्डांचा मला खरंच अभिमान आहे. मूळचे हार्डबोर्ड, ते फुगून वेडेवाकडे झालेले आणि पाठीमागे काळी बुरशी. मी पातळ मरीन प्लाय कापला, क्लिपांची भोकं पाडली आणि मालवणला फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एकाकडून दोन्ही बाजूंना रेझिन मारून घेतलं. भोकांच्या आतल्या कडांनाही मारायला लावलं, पाणी तिथूनच शिरतं. बोर्डाच्या मागे जाड प्लॅस्टिक लावायला विसरू नका, आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. फ्लोअरला कार्पेट नकोच, त्याखाली ओल राहून पत्रा खालून सडतो, रबर मॅट घाला आणि पावसात आठवड्यातून एकदा उचलून सुकवा.

गाडी ठोकळ्यांवर चढवताना चिरे वापरू नका, जांभ्याला कडेवर भार आला की तो फुटतो. आम्ही किंजळीच्या लाकडाचे ठोकळे घातले होते. आणि नवीन कोटिंगच्या रिमा बसवल्यावर पन्नासेक किलोमीटर फिरून बोल्ट परत आवळा, मग शंभराला एकदा. आमचे दोन्ही वेळा जरासुद्धा हलले नाहीत.

दारांच्या बोर्डांचे पुठ्ठ्याचे खाके जपून ठेवलेत, पुढच्या-मागच्या चारही दारांचे, भोकांच्या खुणांसकट. कुणी पद्मिनी करायला घेतली असेल तर खुशाल आखून घ्या.