आमची वाटचाल: मुठेलाचा गोळा ते क्रीमची डबी

वेंगुर्ल्यातल्या आमच्या घरात मे महिना रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा. सालीची सोलं व्हायची, रसाचं आगळ व्हायचं आणि बिया सासूबाई अंगणात वाळत घालायच्या. पावसाच्या तोंडावर त्या कुटून मोठ्या टोपात पाण्याबरोबर उकळायच्या. टोप निवला की वर पांढुरका थर धरायचा. तो काढून मुठीत दाबून गोळा वळायचा. मुठीत वळतो म्हणून मुठेल, असं त्या सांगायच्या. लावणीच्या चिखलात टाचा फुटल्या की रात्री हाच गोळा विस्तवावर ऊन करून भेगांत भरायचा.

आमचा सौंदर्यप्रसाधनांचा धंदा याच गोळ्यापासून सुरू झाला. मुठेल साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे नुसतं चोळलं तर घट्ट लागतं. मी ते खोबरेलात वितळवून बाम केला. चालला, आणि टिकलाही. त्यात पाण्याचा थेंब नव्हता म्हणून तो टिकला, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या भरात कोरफडीची जेल केली. डबीवर मोठ्या अभिमानाने छापलं, ‘शंभर टक्के नैसर्गिक, रसायनमुक्त’. टिकण्यासाठी म्हणून व्हिटॅमिन ई घातलं होतं. ऐन श्रावणात सावंतवाडीची एक ताई डबी घेऊन दारात आली. झाकण उघडलं तर कडेने राखाडी-हिरवे ठिपके, वर मऊ लव. ती एवढंच म्हणाली, "ताई, पोरीच्या गालाला लावलं हो मी हे." मुलीला काही झालं नाही, पण ते वाक्य माझ्या मनातून आजही गेलेलं नाही. त्या रात्री वहीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन केला आणि उरलेल्या सगळ्या डब्या खड्ड्यात ओतल्या.

मग पहिल्यापासून शिकले. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, बुरशीला अडवत नाही. जिथे पाणी आहे तिथे परिरक्षक, म्हणजे बुरशी-जिवाणूंना अडवणारा पदार्थ, हवाच. आम्ही सोडियम बेंझोएट वापरतो, अर्ध्या टक्क्याच्या आत. तेही जेलचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, पाचाच्या खाली असेल तरच नीट काम करतं, म्हणून प्रत्येक घाण्याला मीटर लावून बघतो. कोरफडीचं पान कापलं की बुंध्याकडची बाजू खाली करून बादलीत उभं ठेवतो. पिवळा चीक पूर्ण निथळला पाहिजे, नाहीतर कातडीला खाज सुटते. जास्वंदीच्या पाकळ्या कुरकुरीत वाळल्याशिवाय तेलात पडत नाहीत. आमच्या पावसात त्या उन्हावर वाळत नाहीत, म्हणून पहिलं कर्ज काढलं ते ड्रायरसाठी.

प्रदर्शनात बायका हमखास विचारतात, "केमिकल नाही ना?" मी सांगते, आहे, आणि ते आहे म्हणूनच ही डबी तुमच्या हातात द्यायला मला भीती वाटत नाही. झाडापासून आलं ते सगळं सोसतंच असं कोकणातल्या माणसाने तरी म्हणू नये. काजूच्या टरफलाचं तेल आणि बिब्बा, दोन्ही झाडाचेच. हाताला लागले तर फोड येतात, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं.

सौंदर्यप्रसाधनं बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आम्ही तो जेलच्या प्रकरणानंतर काढला, पहिली डबी विकण्याआधी काढायला हवा होता. आता प्रत्येक घाण्याला बॅच नंबर असतो, नमुना जिवाणू-बुरशीच्या तपासणीला जातो आणि त्यातलीच एक डबी मुदत संपेपर्यंत आमच्या कपाटात राहते. नव्या गिऱ्हाइकाला आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबायला सांगतो. ‘रसायनमुक्त’ हा शब्द डबीवरून कायमचा काढला.

यंदा सुरंगीच्या सुवासिक फुलांचं तेल केलंय. वास इतका सुंदर उतरलाय की गावातल्या बायका रोज विचारतात, कधी देणार? पण सुगंधी फुलांनी काहींच्या अंगावर पुरळ उठतं. तेव्हा सध्या आम्हा घरच्या सहाजणींच्या कोपरावर ते रोज लागतंय, आणि तेल टिकतं का ते बघायला बाटल्या तीन महिने 40 अंशांच्या पेटीत आहेत.