ट्रान्स्क्रिप्टचं पाकीट: अमेरिकेत एमएसडब्ल्यू-एमपीएच करायला जाताना आलेला माझा अनुभव

मला प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवायला अमेरिकेतल्या विद्यापीठाला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट वेळ आमच्या इथल्या विद्यापीठाला एका पाकिटावर शिक्का मारायला लागला. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. मराठवाड्यातून या शिक्षणासाठी जाऊ बघणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न आयईएलटीएसचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, असतो. अरे, आयईएलटीएस होऊन जातं. ट्रान्स्क्रिप्टचं, म्हणजे विद्यापीठाने द्यायच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचं, विचारा.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी सांगते. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, झाल्यावर काही वर्षं मी बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या आरोग्यावर काम केलं. 2019 मध्ये सरकारी समितीसाठी तिथे पाहणी झाली, तेव्हा 82 हजारांवर ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आकडा पेपरात सगळ्यांनी वाचला. मी ज्यांच्या घरी जायचे त्यांतल्या कितीतरी जणी तिशीच्या आसपासच्या होत्या. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेल्या, तिथे कॅन्सरची भीती घातली आणि पिशवी काढून मोकळे झाले. त्यात मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर. एक दिवस उसाच्या फडावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग पाळीच्या दिवसांत बाई आराम कुठून करणार? हे दुखणं नुसत्या डॉक्टरला कळत नाही आणि नुसत्या समाजकार्यवाल्यालाही पुरतं कळत नाही. म्हणून मला सार्वजनिक आरोग्य आणि समाजकार्य दोन्ही एकत्र शिकायचं होतं. अमेरिकेत एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) आणि एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची) अशा जोडपदव्या साधारण तीन वर्षांत होतात.

मी अर्ज केला तो एका ख्रिस्ती विद्यापीठात. ख्रिस्ती विद्यापीठ का, हे घरी सगळ्यांनी विचारलं. हे दोन्ही विषय शिकवणारी ख्रिस्ती विद्यापीठं तिकडे बरीच आहेत. सेंट लुईसचं जेझुइटांचं, टेक्ससमधलं बेलर बॅप्टिस्टांचं, कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा ॲडव्हेंटिस्टांचं. मी कुठे आहे ते मुद्दाम लिहीत नाही. आईची काळजी एकच होती. "माय, तिकडं धरम तर बदलावा लागत नाही ना?" मी विचारून घेतलं. तसं काही नाही. काही ठिकाणी धर्म आणि नीतीवरचा एखादा पेपर सगळ्यांना घ्यावा लागतो, तेवढा अभ्यासक्रमात आधी बघून ठेवा. माझ्या अर्जात एक निबंध होता: विद्यापीठाच्या सेवेच्या ध्येयाशी तुमचं काम कसं जुळतं? मी शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडबद्दल लिहिलं. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर नवरा-बायको वेल्लोरला शिकले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला येऊन बसले. गावातल्या फारशा न शिकलेल्या, त्यातही दलित बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बीडच्या हद्दीपासून जामखेड किती लांब? ख्रिस्ती सेवा म्हणजे काय हे मला त्यासाठी अमेरिकेत जाऊन शोधायची गरज नव्हती. हा निबंध मी एका बैठकीत लिहिला आणि तो चांगला झाला, हे मी अभिमानाने सांगते.

शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा, पासपोर्ट हे सगळं रीतसर पार पडलं. त्यावर लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. एमपीएचचा अर्ज बहुतेक ठिकाणी सोफास नावाच्या एकाच सामाईक पोर्टलवरून जातो. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं, मी ते डब्ल्यूईएसकडून केलं. प्रत्येक विषयाचे गुण आणि क्रेडिट वेगळे दाखवणारं, कोर्स-बाय-कोर्स म्हणतात ते मूल्यांकन घ्या, साधं चालत नाही. त्यासाठी सगळ्या वर्षांचं ट्रान्स्क्रिप्ट लागतं. ते आपण पाठवायचं नसतं. विद्यापीठाने बंद पाकिटात घालून, पाकिटाच्या झाकणावर सही-शिक्का मारून, डब्ल्यूईएसने दिलेला आपला रेफरन्स नंबर टाकून थेट पाठवायचं असतं. एवढंच काम. कागदावर वाचलं तेव्हा मला हा सगळ्यात सोपा टप्पा वाटला.

ज्या विद्यापीठातून मी पदवी घेतली त्याचं नाव लिहीत नाही. परीक्षा विभागात अर्ज दिला, चलन भरलं, सगळ्या गुणपत्रकांच्या झेरॉक्स जोडल्या, वर डब्ल्यूईएसचा फॉर्म लावला. आठ दिवसांनी या म्हणाले. आठ दिवसांनी गेले तर संबंधित टेबलचा माणूस रजेवर. पुढच्या वेळी तो होता, पण जुन्या पॅटर्नच्या एका सत्राचं रेकॉर्ड दुसऱ्या खोलीत होतं आणि त्या खोलीची चावी ज्याच्याकडे, तो निवडणुकीच्या ड्युटीवर. त्यानंतर ट्रान्स्क्रिप्ट टाइप झालं, तर आईच्या नावाची इंग्रजी स्पेलिंग चुकलेली. गुणपत्रकावर बरोबर होती, समोर ठेवून टाइप करताना चुकवली. दुरुस्तीसाठी म्हणे नवा अर्ज द्या. मी नवा अर्ज दिला नाही. चूक तुमची आहे, त्याच अर्जावर दुरुस्त करा, म्हणून खिडकीसमोरून हलले नाही. ते त्यांनी ऐकलं. मग सहीसाठी कागद आत गेला. परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांची सही लागते, आणि साहेब मीटिंगला, साहेब मुंबईला, साहेब नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या, कामात. प्रत्येक वेळी एसटीने जायचं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद खिडकीसमोर बसायचं, आणि "ताई, उद्या फोन करून या" ऐकून परतायचं. फोन कुणी उचलत नसे.

अखेर पाकीट गेलं. स्पीड पोस्टचा नंबर मिळाला, पाकीट पोचल्याचंही दिसलं. मला हायसं वाटलं. आणि मग डब्ल्यूईएसच्या खात्यावर संदेश आला की कागदपत्रं स्वीकारता येत नाहीत, झाकणावर संस्थेचा शिक्का नाही. रेफरन्स नंबरचा फॉर्मही आत नव्हता. मी दिलेला फॉर्म तिकडे पाठवायचा सोडून इकडच्या फायलीला टाचून ठेवला होता आणि पाकीट स्टेपलरने बंद केलं होतं. सूचना त्याच फॉर्मवर इंग्रजीत छापलेल्या होत्या, मी त्यांचं मराठी करून वेगळा कागदही जोडला होता. तो कागद मला फायलीत तसाच दिसला. त्या दिवशी मला रडू आलं नाही, संतापाने हात थरथरत होते. टेबलवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं असंच जातं सगळ्यांचं." सगळ्यांचं असंच जात असेल तर सगळ्यांचंच परत येत असणार, आणि त्यांतल्या किती जणांनी नाद सोडून दिला असेल? खेड्यातून येणाऱ्या पोराला वाटतं आपलंच नशीब खोटं. पुण्या-मुंबईचा पोरगा घरी बसून ऑनलाइन पैसे भरतो आणि त्याचं काम पुढे सरकतं, असं मी सोबतच्यांकडून ऐकलं. आमच्याकडे शिक्क्यासाठी जोडे झिजवायचे.

अर्जाची मुदत जवळ आली होती. मूल्यांकन आल्याशिवाय अर्ज पूर्ण धरत नाहीत. मग मी दोन गोष्टी केल्या आणि त्यांनीच काम झालं.

पहिली, माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. महाराष्ट्रात या अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, तेव्हा पाल्हाळ लावू नका. मी एवढंच विचारलं: अमुक आवक क्रमांकाचा माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलवर होता, त्यावर रोज काय कारवाई झाली, आणि ट्रान्स्क्रिप्ट पाठवण्याची लेखी कार्यपद्धती काय आहे? उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. माझं काम उत्तराच्या आधीच हललं.

दुसरी, एक साधं पत्र. सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क देणाऱ्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 चा उल्लेख करून विचारलं की ही सेवा अधिसूचित आहे का, असल्यास कालमर्यादा किती आणि पहिले अपील अधिकारी कोण. हे पत्र हातात दिलं नाही. आवक खिडकीवर दिलं आणि माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: आवक क्रमांक नसलेला कागद त्या इमारतीत दिलेलाच नसतो.

दोन-तीन दिवसांत फोन आला. या वेळी त्यांनीच केला. विभागातल्या अधीक्षक बाईंनी मला आत बसवलं. मी आजवर त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. त्यांनी फॉर्म स्वतः वाचला, नवं पाकीट मागवलं, रेफरन्स नंबर मोठ्या अक्षरात स्वतःच्या हाताने लिहिला. झाकण डिंकाने चिकटवून घेतलं, गोल शिक्का अर्धा झाकणावर आणि अर्धा पाकिटावर येईल असा दाबून मारला आणि त्यावरूनच आडवी सही घेतली. मग मला दाखवून म्हणाल्या, "आता कसं परत येतं ते बघू." नवं चलन मागितलं नाही. पाच-दहा मिनिटांचं काम होतं ते. त्या बाईंचे मी मनापासून आभार मानते, पण त्या पाच-दहा मिनिटांसाठी जो काळ गेला त्याचा हिशेब मला कुणी दिलेला नाही.

पाकीट पोचलं, स्वीकारलं गेलं, मूल्यांकन झालं आणि मुदतीच्या आत अर्ज पूर्ण झाला. प्रवेशाचं पत्र आलं त्या रात्री घरी कुणी झोपलं नाही.

म्हणून सांगते, परदेशी जायचं मनात आलं की आधी ट्रान्स्क्रिप्टला हात घाला, विद्यापीठ निवडायच्याही आधी. पाकिटं एकाच वेळी जास्त करून घ्या. नोकरीत असाल तर गावातल्या एखाद्या मित्राला अधिकारपत्र देऊन ठेवा, पण शिक्का मारला जाताना आपला माणूस तिथे हवा. नावाचंही बघा. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी असतं आणि पासपोर्टवर शेवटी. अर्जात इतर नावांचा रकाना असतो, तिथे गुणपत्रकावरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर हे आधी निस्तरून घ्यावं.

कर्जाबद्दल खूप जण विचारतात. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा तारण मागतात, आणि शेतजमिनीचा सातबारा घेऊन गेलात तर ती बहुतेक वेळा तारण म्हणून धरत नाहीत, कारण शेतजमीन सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली जप्त करता येत नाही. वडिलांना हे समजावताना मला फार जड गेलं. आयुष्यभर त्यांनी जमिनीलाच आपली पत मानलं होतं. एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट किंवा घर लागतं. आमचं मामाच्या घरावर झालं. थोडा भार विद्यापीठाने दिलेल्या असिस्टंटशिपने, म्हणजे तिथेच काम करून मिळणाऱ्या मदतीने, उचलला. प्रवेश मिळाल्यावर त्याची चौकशी लाज न बाळगता करा, विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

बीएसडब्ल्यू झालेल्यांसाठी एक गोष्ट राहिलीच. तिकडे बीएसडब्ल्यू झालेल्यांना एमएसडब्ल्यूचं पहिलं वर्ष माफ होऊ शकतं. ती सवलत तिथल्या समाजकार्य शिक्षण परिषदेच्या मान्यतेच्या पदवीला असते. आपली पदवी परिषदेकडून वेगळी तपासून घ्यावी लागते. मला त्यासाठी पुन्हा त्या परीक्षा विभागाच्या दारात उभं राहायचं नव्हतं, म्हणून मी पूर्ण अभ्यासक्रम घेतला आणि त्याचं वाईट वाटत नाही. एमएसडब्ल्यूला किमान 900 तासांचं क्षेत्रकार्य असतं, तिथली यंत्रणा आतून कळते ती तेव्हाच.

व्हिसाची मुलाखत मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत झाली. हे दोन विषय एकत्र का, एवढंच अधिकाऱ्याने विचारलं. मी फडावरच्या बाईचं आणि खाड्याचं सांगितलं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

आणि लसीकरणाचं. गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या लशींचा पुरावा तिकडची विद्यापीठं मागतात. आपल्या वयाच्या खेड्यातल्या पोरांकडे लहानपणीचं कार्ड क्वचितच असतं. शोधत बसू नका. डॉक्टरांना विचारून डोस पुन्हा घ्या आणि इंग्रजीत तारखेसह सही-शिक्का घ्या. हा शिक्का मला पहिल्याच फेरीत मिळाला, आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात.